शिसपेन्सिल

पणजीला रेल्वे नाही.
तिकिटाची खिडकी मात्र आहे,
कदंब बसस्थानकावर,
आणि खिडकीमागे मी, गेली अकरा वर्षं.
इथून रूळ दिसत नाहीत, शिटी ऐकू येत नाही.
बाहेर कंडक्टर ओरडतात म्हापसा, म्हापसा, फोंडा
आणि मी वास्कोहून निजामुद्दीनला माणसं धाडतो.
गाडी सुटते कुठून? लोक विचारतात.
मी हात लांबवतो: तिकडून.
राजधानीत बसून इतकंच करता येतं.

गुरुदास खांडेपारकर सोमवारी येतात, गर्दी ओसरल्यावर.
फॉर्म भरतात आरेखकाच्या कोरीव अक्षरात,
पासून: पणजी. पर्यंत: वास्को.
मी म्हणतो, बाब, शटल उभी आहे बाहेर,
तासाभरात पोचाल.
ठाऊक आहे, ते म्हणतात, तुझ्या यंत्राला विचार.
यंत्र म्हणतं, असं स्थानक नाही.
मागच्यासारखंच आहे, असं डॉक्टरांनी सांगावं
तशी ते मान हलवतात आणि जातात.
वर्षातून एकदा, मे महिन्यात,
फळीवर पाच नारळ ठेवतात, सोललेले, शेंडीसकट.
आम्ही वाटून घेतो.
माझ्या घरची सोलकढी त्यातलीच.

एकदा सर्व्हर पडला. दोन तास.
रांग शिव्या देत पांगली,
ते बाकावर बसून राहिले.
मग माझ्याकडे न बघता बोलू लागले.

मुक्तीनंतरचं तिसरं वर्ष. मी बावीसचा.
साहेब म्हणाला, राजधानी आणि बंदर जोडून दाखव.
शिसपेन्सिलीने काढ, शाई नंतर भरू.
सांताक्रूझ, बांबोळी, गोवा वेल्हा,
आगशीला उतार, मग जुवारीवर पूल
(तेव्हा पूल कसला, फेरीबोट होती),
कुठ्ठाळी, सांकवाळ, दाबोळी.
हात चांगला होता माझा. रेघ सुरेख वळली.
फक्त आगशीत ती मामाच्या कुळागरातून जात होती.
म्हणून खोडरबर घेतलं.
सरकवली किती? तांदळाच्या रुंदीइतकी.

तांदळाच्या रुंदीत
कायतान फुर्तादचं घर होतं, विहीर होती,
डुकरांचा खुराडा आणि पाच माड.

कचेरीतली गोष्ट बाहेर कशी गेली?
जेवताना बोललो असेन.
मामाने कायतानला सांगितलं, सरकार कवडीमोलाने घेणार,
त्यापेक्षा आताच कुणाला तरी देऊन टाक.
त्याने दिलं. वास्कोला गेला,
बंदरावर खनिज ओढायला.
जाताना हसत होता, म्हणाला, बरंच झालं की,
आगगाडी आली म्हणजे रविवारी मिसाला येईन,
अर्ध्या तासाची तर वाट.

शाई कुणीच भरली नाही.
नकाशा गुंडाळला, साहेब बदलला,
रेघ पुसटली असेल, वाळवीने खाल्ली असेल.
मी निवृत्त झालो.

सर्व्हर आला. पडद्यावर हिरवं अक्षर लुकलुकलं.
ते उठले, फॉर्म पुढे केला.
मी टाइप केलं. तेच उत्तर.

मी बायण्यात राहतो. घरी जाताना
आगशीच्या उतारावर बस मंदावते,
माशांच्या टोपल्या चढतात, कुणीतरी सुट्ट्यांवरून भांडतं.
आता मी डावीकडची खिडकी धरतो.
माड पुष्कळ आहेत.
पाच कुठले, बसमधून कळत नाही.

यंदाच्या मे महिन्यात त्यांनी नारळ ठेवले
तेव्हा मी विचारलं, कुठले हो?
ते शेंड्या एका दिशेला वळवत राहिले,
पाचही, सारख्या.
मग म्हणाले,
मामाला मूल नव्हतं.